मच्छिंद्राची मुंज

मी पडवीत विळी घेऊन नारळ खोवत होते आणि माई मला नारळ कसा खोवू नये ते सांगत होत्या. तेवढ्यात मास्तर शाळेतून आले. शबनम पिशवी खुंटीला अडकवायची सोडून त्यांनी ती दोन्ही हातांनी अलगद खाली ठेवली, आणि पिशवीने शिट्टी मारली.

"अंता, पिशवीत काय आहे?" माईंनी विचारलं.

"सस्तन प्राणी," मास्तर म्हणाले.

मास्तर म्हणजे माझे यजमान, अनंत खांबेटे, गावच्या हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. तोंडावर मी त्यांना 'अहो' म्हणायची, मनात 'मास्तर'. वर्गाबाहेरही ते फळ्यावर लिहिल्यासारखेच बोलायचे, त्याला मी काय करणार? माई त्यांच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे मी यायच्या आधीच गेलेले. खाडीच्या काठी पोफळीची बाग, बागेत घर, घरात आम्ही तिघं. त्यात आता हा चौथा, ओल्या मुंगसासारखा दिसणारा, डोळे मिचकावत शिट्ट्या घालणारा.

खाडीवर खारबंधाचं काम चाललं होतं. बांध खणताना बीळ फुटलं, आई पळाली की गेली ते कोणी पाहिलं नाही, आणि शाळेतल्या मुलांनी पिल्लू उचलून शास्त्राच्या सरांकडे आणून दिलं. मास्तरांनी पुस्तक उघडून सांगितलं की हे पाणमांजर आहे. इकडचे खारवी लोक त्याला हूद म्हणतात. सस्तन आहे, म्हणजे दूध पिणार. झालं, शास्त्रार्थ संपला. माईंनी कपाटातून चांदीचं बोंडलं काढलं. त्याच बोंडल्याने मास्तरांना तान्हेपणी दूध पाजलेलं. गाईचं कोमट दूध त्याच्या तोंडाशी लावलं नि ते चुटूचुटू पिऊ लागलं. माई मान वळवून मला म्हणाल्या की अंता याच्याहून जास्त सांडायचा.

आता माझं सांगते. मी वेंगुर्ल्याची, रेग्यांची. आमच्याकडे सोमवार सोडला तर मासा नाही असं जेवण नसायचं. रत्नागिरीला कॉलेजात मास्तरांची नि माझी ओळख झाली, पुढे व्हायचं ते झालं. माई मला बघायला आल्या तेव्हा जातपात काही काढली नाही. निघताना एवढंच म्हणाल्या, "मुलगी चांगली आहे. पण आमच्याकडे ते चालत नाही." मी ताडकन उत्तर दिलं, "मी सोडेन. शब्द देते तुम्हाला." त्या वयात माणूस काय वाटेल ते सोडायला तयार असतं. सोडल्यावर कळतं. लग्नानंतर पहिल्या महिन्यात माझ्या स्वप्नात माहेरचं माणूस एकदाही आलं नाही. बांगडे मात्र यायचे.

शब्द दिला तो पाळला. पण सोडणं एक नि त्या घरात काही जमणं दुसरं. माझा नारळ खोवताना करवंटीचं काळं उतरायचं. माझी उकड फुटायची. सोवळ्याच्या वळणीला माझा हात हमखास लागायचा. माई कधी आवाज चढवून बोलल्या नाहीत. नुसत्या माझ्या हातातलं काम काढून घेऊन स्वतः करायच्या. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. साडेतीन हातांची मी बाई त्या घरात रिकाम्या हातांनी फिरायची.

पिल्लू दुधावर वाढलं आणि एक दिवस त्याने बोंडलं चावून टाकलं. मग दूधभात केला. मग मेतकूट-भात. मग वरणाचं पाणी, मग मऊ गुरगुट्या भातावर साजूक तूप. पिल्लाने प्रत्येक पदार्थ हुंगला, त्यात पाय बुडवला आणि पाठ फिरवली. दिवसेंदिवस ते रोडावत चाललं. मास्तर पुस्तक चाळत बसले. माईंनी दृष्ट काढली. आता मला सांगा, ज्याचे दात बघूनच कळतं की हा काय खाणार, त्याच्यापुढे दोघं शिकलीसवरली माणसं मेतकूट ठेवत होती. मी कितीतरी दिवस जीभ चावून गप्प बसले. शेवटी राहवेना. जेवताना खाली मान घालून म्हटलं, "त्याला मासा हवाय."

मास्तर माईंकडे बघतात, माई पानाकडे. तो विषय तिथेच राहिला. दोन रात्री पिल्लू रडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी माई तुळशीला पाणी घालत होत्या, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ती सोनूबाय खाली वाडीत येते ना पाटी घेऊन? मागल्या दाराने बोलव तिला." मग तांब्या खाली ठेवून त्यांनी विचारलं, "तुला येतं ना ते सगळं?"

त्या घरात येऊन मला पहिल्यांदा कोणीतरी विचारत होतं की येतं का. आणि मला येत होतं. आनंदाने मला रडूच फुटायचं बाकी होतं.

नियम ठरले. मासे बागेच्या पार टोकाला, धोंडीवर कापायचे. विळी वेगळी, तसराळं वेगळं. कापून झालं की अंघोळ, मग आत. मी म्हटलं चालेल, दहा अंघोळी करते. सोनूबाय पाटी डोक्यावर घेऊन यायची, मी कल्ले उघडून बघायची, शिळा कुठला नि ताजा कुठला ते तिला सांगायची, आणि आमची जुंपायची. ती म्हणायची की वैनी, बामणाच्या घरात येऊन एवढी कटकट मला कोणी केली नव्हती. मी म्हणायची की बामणाच्या घरात तू आलीच कधी होतीस? पहिला मासा पिल्लाने दोन्ही हातांत धरला, डोक्यापासून खायला सुरुवात केली नि डोळे मिटून घेतले. माई लांब तुळशीजवळ उभ्या होत्या. तिथून त्यांनी त्याचं नाव ठेवलं, मच्छिंद्र.

मच्छिंद्राने घर डोक्यावर घेतलं. मास्तरांची एक वहाण रोज विहिरीवरच्या हौदात तरंगायची. पोथीवरचं कापड पळवून त्यात गुंडाळून तो झोपायचा. सुपाऱ्या वाळत घातल्या की त्यातली एक घेऊन पाठीवर लोळायचा नि ती छातीवर झेलत बसायचा, तासन्‌तास, नोकरी लागल्यासारखा. स्वयंपाकघराचा उंबरा मात्र ओलांडायचा नाही हे त्याला माईंनी एका डोळ्याच्या धाकाने शिकवलं होतं. तो उंबऱ्याशी बसायचा, एक पाय हळूच आत ठेवायचा आणि माईंकडे बघायचा. माईंनी 'हं' म्हटलं की पाय बाहेर. असं दिवसातून कितीदा चालायचं. खोटं कशाला सांगू, माई 'हं' म्हणायच्या आधी पुष्कळ वेळ घेत असत.

आषाढी एकादशीला माईंनी फर्मान काढलं की घरात आज सगळ्यांना उपास, म्हणजे सगळ्यांना. मच्छिंद्रापुढे साबुदाण्याची खिचडी ठेवली. त्याने तिच्यातले दाणे वेचून हौदात नेऊन टाकले, साबुदाणे पडवीभर पसरले आणि दुपारपर्यंत शिट्ट्यांची अशी काही टीप लावली की शेजारच्या फडकेकाकू चौकशीला आल्या. दुपार कलल्यावर माई माळ खाली ठेवून म्हणाल्या की बाळंतीण, आजारी माणूस आणि मुकं जनावर यांना एकादशी नसते, शास्त्रात आहे तसं. मास्तरांनी कुठल्या शास्त्रात म्हणून विचारलं. माईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते सोनूबायला बोलवायला स्वतः गेले.

फडकेकाकूंचं काय सांगावं. खांबेट्यांच्या मागल्या दारी मासेवाली येते ही बातमी त्यांनीच गावभर केली होती. श्रावणातल्या हळदीकुंकवाला त्या चारचौघींत माईंना गोड आवाजात म्हणाल्या की तुमच्याकडे म्हणे हल्ली मागल्या दारी बाजार भरतो. सगळ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. सारस्वतांकडून आणलेली सून, दुसरं काय. मला वाटलं जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. माई शांतपणे हातावर अत्तर लावून घेत म्हणाल्या, "घरात लहान आहे. त्याला लागतं." पुढे बोलल्याच नाहीत. त्यामुळे महिनाभर गावातल्या बायका माझ्या पोटाकडे बघत राहिल्या आणि मला लोणची आणून देत राहिल्या. मी ती सगळी खाल्ली.

वर्ष असं गेलं. मच्छिंद्र हातभर लांब झाला, शेपटी धरून आणखी. बागेच्या खालच्या टोकाला खाडीत उतरायचा, डुंबायचा, भूक लागली की माझ्याकडे परत. धोंडीवर चढून दोन पायांवर उभा राहायचा आणि शिट्टी घालायचा. ती शिट्टी मी कुठेही असले तरी ओळखायची. त्या घरात हाक मारणारा तो एकच जीव होता जो मलाच बोलवत होता, 'अगो, जरा कोणीतरी' असं नव्हे.

फाल्गुनात सोनूबायचा नवरा धाकू फाटकं जाळं घेऊन अंगणात आला. माईंनी त्याला आधी बसवलं, चहा दिला. चहा पिऊन झाला. मग त्याने जाळं पसरलं. मधोमध असं भोक होतं की त्यातून घागर जावी.

"मास्तर, हूद आम्हाला नवा नाय," धाकू म्हणाला. "वरच्या अंगाला कांदळात त्यांची टोळीच हाय. पण ते माणूस दिसला की पळतात. हा तुमचा होडीत येऊन बसतो नि मासा मागतो. मी वळखतो म्हणून हाकलला. दुसरा कोण वळखणार? वल्हं घालील डोक्यात."

मास्तरांनी त्याला नवी दोरी आणून देतो म्हणून सांगितलं. धाकू म्हणाला दोरीचं राहू दे, जनावराचं बघा. आणि गेला.

त्या संध्याकाळी घरात कोणी जेवलं नाही धड. मास्तरांचं म्हणणं, त्याला वरच्या अंगाला त्याच्या जातीत नेऊन सोडायचं, दुसरा मार्ग नाही. मी म्हटलं त्याला शिकार करता येत नाही. मासा म्हणजे तुकडे करून तसराळ्यात येणारी वस्तू, एवढंच त्याला ठाऊक. उपाशी मरेल. त्यापेक्षा बांधून ठेवू, पिंजरा करू, मी बघेन. मी खूप बोलले. सगळं त्याच्या काळजीचं होतं, आणि सगळं खरं होतं. पण त्याच्याखाली आणखी एक होतं, तेही सांगते. तो गेला की सोनूबाय गेली, धोंड गेली, विळी गेली. मी पुन्हा आपली नारळाचं काळं उतरवणारी सून. मला तो जायला नको होता, आणि माझी कारणं काही सगळीच उदात्त नव्हती.

"पिंजऱ्यात ठेवशील," माई म्हणाल्या. "मग तो जगेल, आणि काय करील?"

मी पानातला भात चिवडत राहिले.

"मुलगा आठ वर्षांचा झाला की त्याला आईच्या पदराखालून का काढतात ठाऊक आहे? आई काढत नाही म्हणून. आईवर सोपवलं असतं तर आपल्यातलं एक पोर शिकलं नसतं. म्हणून तर आपल्या लोकांनी मुंज काढली. वैशाखात मुहूर्त आहेत. तोवर अंताने त्याला शिकवावं. मग त्याची मुंज करू नि गुरुगृही पाठवू."

मास्तर म्हणाले, "मी? मी काय शिकवू?"

"मासे धरायला. मास्तर आहेस ना?"

आता शिकवणी कशी करायची? जिवंत मासा हवा. सोनूबाय म्हणाली चिखलातल्या निवट्या आणते, पाण्याच्या डब्यात जित्या राहतात. इथे माईंचं अडलं. मेलेला मासा आला तर ते बाजारचं पाप. जिवंत आणून आपल्या हौदात मारला तर ते आपलं. दोन दिवस त्या विचारात होत्या. नंतर त्यांनी निकाल दिला की शिकवणीत जे काही मरेल त्याचं पाप शिकवणाऱ्याला. मास्तरांनी हे ऐकून घेतलं. ते शास्त्राचे शिक्षक, पापपुण्य मानत नव्हते, तरी त्यांचं तोंड उतरलेलं मी बघितलं.

ती शिकवणी जन्मात विसरणार नाही. अर्ध्या चड्डीवर मास्तर हौदात कमरेएवढ्या पाण्यात उभे. हातात निवटी. आयुष्यात त्यांनी मासा हातात धरला नव्हता, तो सुळकन निसटला की हे 'अरे अरे' करत मागे. मच्छिंद्राला वाटलं हा नवा खेळ आहे. त्याने निवटीकडे ढुंकून बघितलं नाही, मास्तरांच्या चड्डीची नाडी पकडली. मी धोंडीवर बसून हसून हसून लोळत होते. माई रहाटाशी उभ्या, पदर तोंडावर. आतून त्याही हलत होत्या. मास्तर ओरडून म्हणाले की हसताय काय, विद्यार्थ्याचं लक्ष जातं.

असे बरेच दिवस गेले. निवट्या हौदात सुखाने नांदू लागल्या. मच्छिंद्र त्यांच्यामधून पोहायचा नि बाहेर येऊन माझ्यापुढे उभा राहून शिट्टी घालायचा, आणि मी तसराळं पुढे करायची. एक दिवस माई म्हणाल्या, "अगो, तू देतेस तोवर तो कशाला धरील?" आणि तसराळं उचलून नेलं. दुसऱ्या दिवशी त्याला काही द्यायचं नाही. तो शिट्टी घालतोय नि मी घरात बसून दोन्ही कानांत बोटं घालून. दुपारपर्यंत माझं डोकं फुटायची वेळ आली. मग एकदम शिट्टी थांबली. मी धावत बाहेर आले. मच्छिंद्र हौदाच्या काठावर बसला होता, निवटी दोन्ही हातांत, डोकं आधी. मास्तर हौदात नाचत होते. मी घरात गेले आणि दाराआड रडले. पोरगं पास झालं आणि आईला रडू, असला तो प्रकार.

वैशाखातला मुहूर्त माईंनी पंचांगात काढला. सोनूबाय म्हणाली त्या वेळेला ओहोटी आहे, होडी चिखलात रुतेल. माई म्हणाल्या मुहूर्त बदलता येत नाही. सोनूबाय म्हणाली, "भरतीला पंचांग लागत नाय, काकी." दोघी पायरीवर बसून घासाघीस करत होत्या, शेवटी माईंनी चौघडिया बघून दुपारची भरती मान्य केली. जानवं घालायचं नाही, कारण तो ते ओढून खाईल. मुंडण नाही. मंत्र मास्तरांनी म्हणायचे नाहीत, कारण त्यांना येत नव्हते. राहिलं काय, तर मातृभोजन.

मुंजीच्या सकाळी बटू आईबरोबर एका पानात शेवटचं जेवतो. त्यानंतर आईच्या पानातलं नाही. ही आपल्याकडची रीत, हे मला ठाऊक होतं. पण माईंच्या मनात काय आहे ते ठाऊक नव्हतं. त्यांनी धोंडीजवळ केळीचं मोठं पान मांडलं आणि मला म्हणाल्या, "बस. आई तू. तू भरवलंस."

मी बसले. मच्छिंद्र पानाच्या दुसऱ्या बाजूला, शेपटी हलवत. मी त्याच्यापुढे बांगडा ठेवला.

"आणि तुझं?" माई म्हणाल्या.

मला कळेना. म्हटलं मी नुसती बसते, तो जेवेल.

"मातृभोजनात आई जेवते. नुसतं भरवून भागत नाही. रीत म्हणजे रीत."

"माई, हा मासा आहे."

"आंधळी नाही मी. कच्चा खाणार आहेस का? तीन धोंडे मांड, चूल पेटव. काय लागतं ते सांग, मी उंबऱ्यावरून देते. पाणमांजराच्या मातृभोजनात काय असावं हे शास्त्रात लिहिलेलं नाही."

मी मडकं चढवलं. माईंनी उंबऱ्यावर नारळाचं वाटण आणून ठेवलं, तिखट, मीठ, कोकमाचं आगळ. सगळं त्यांनी हात लांब करून ठेवायचं, मी हात लांब करून उचलायचं नि धोंडीपाशी न्यायचं. शेवटी त्यांनी कनवटीची कागदाची पुडी सोडली आणि तीही ठेवली. आत तिरफळं होती. वेंगुर्ल्याकडच्या बांगड्याच्या आमटीला तिरफळ नसेल तर ती आमटीच नव्हे. इकडे खांबेट्यांच्या गावात तिरफळ कोणाला ठाऊकसुद्धा नव्हतं, आणि मी कधी कोणाजवळ नाव काढलं नव्हतं.

"कुठून आणलीत?" मी विचारलं.

"विचारलं, मिळाली," माई म्हणाल्या, आणि माझ्याकडे पाठ करून तुळशीकडे तोंड करून बसल्या. "आटपा. भरती थांबायची नाही."

आमटी उकळली, तिरफळाचा वास बागभर झाला. एका पानात मी नि मच्छिंद्र जेवलो. त्याचे दोन कच्चे, माझे... जाऊ दे, माझे जास्त. दीड वर्षाने घास घेतला, डोळ्यांतून पाणी, आणि हा गुलाम माझ्या बाजूचा बांगडा ओढतोय. मी त्याला कोपराने ढकललं. शेवटचं जेवण म्हणून काय झालं.

होडीत धाकू वल्ह्यावर, सोनूबाय, मास्तर, मी, मच्छिंद्र, आणि माई. त्या जन्मात मासळीच्या होडीत बसल्या नव्हत्या. घरून पाट आणला होता, तो मांडून त्यावर बसल्या, नाकाला पदर. मच्छिंद्र होडीच्या आजूबाजूला पोहत येत होता, मध्येच चढून सगळ्यांना भिजवत होता. वरच्या अंगाला कांदळाचं रान दाट झालं तिथे धाकूने वल्हं उचललं. पलीकडच्या चिखलाच्या काठावर ती होती. चार की पाच, चिखलात लोळणारी, मधूनच मान उंचावून बघणारी. त्यातल्या एकाने शिट्टी घातली. आमचा थबकला. त्याने आयुष्यात ती शिट्टी फक्त स्वतःच्या तोंडून ऐकलेली.

तो थोडा पुढे गेला. मग वळला, होडीजवळ आला, कडेवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे तोंड वर केलं आणि मागायला लागला. सोनूबायची पाटी माझ्या पायाशी होती, वर झाकण. तो मागतोय आणि मासे माझ्या हातभर अंतरावर. एक दिला असता तर तो होडीत चढला असता आणि आम्ही सगळे घरी आलो असतो. मी कोणाकडे बघितलं नाही. दोन्ही हात मांडीखाली दाबून त्यावर बसले.

मास्तरांनी घसा खाकरला. धाकू दुसरीकडे बघत होता. मच्छिंद्राने शिट्टी घातली, पुन्हा घातली, मग जरा रागावून घातली.

"जा बाबा," मी म्हटलं. "मी नाही देणार आता."

त्याला काय कळणार. पण तेवढ्यात होडीच्या मागे बोय उडाला. भरतीला खाडीत बोय मासे उड्या मारतात, एक, त्याच्यामागे दुसरा. मच्छिंद्राची मान फिरली. तो गेला पाण्याखाली, आणि पाण्यावर बुडबुड्यांची रेघ उठली ती थेट समोरच्या काठाच्या दिशेने. वर आला तेव्हा तोंडात बोय होता. काठावरची सगळी पाण्यात उतरली, त्याच्याभोवती आली, ओढाओढी, शिट्ट्या, चिखल. पाच होती की सहा झाली, त्यात आमचा कुठला, मला काही वेळाने ओळखू येईना.

परत येताना माईंनी एकदा विचारलं की तो उपाशी नाही ना राहायचा. मास्तर म्हणाले विद्यार्थी हुशार आहे. नंतर त्यांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धोंड घासून ठेवली, विळी धुऊन माळ्यावर टाकली. ते काम संपलं होतं. आत आले, तर माई नारळ खोवत होत्या. मी करते म्हटलं, तर म्हणाल्या राहू दे. मी आपली उभी. तेवढ्यात मागल्या दारी सोनूबायची हाळी आली. सवयीने आली असावी बिचारी. मी बाहेर जाऊन तिला सांगितलं की आता नको गो, ज्याला लागायचं तो गेला.

"घे," आतून माई म्हणाल्या.

मी म्हटलं, "माई, कोणासाठी? मच्छिंद्र गेला ना."

माई उठून मागल्या दारात आल्या. हाताला खोवलेल्या नारळाचा ओला चव तसाच. सोनूबायच्या पाटीकडे त्यांनी बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"मुंज त्याची झाली. त्याच्या आईची नाही झाली. रोज कापून झालं की हात धुवायच्या आधी त्या हातांचा वास घेत उभी असायचीस. वर्षभर बघत होते मी."

मी कसंबसं म्हटलं, "पण मी शब्द दिलाय तुम्हाला."

"मलाच दिलास ना?" माई म्हणाल्या. "मग मी सोडला तुला त्यातून. बाहेर शिजव, बाहेर जेव, मला वास नको. पण जेव."

आणि आत जाऊन पुन्हा विळीवर बसल्या. मी सोनूबायच्या पाटीवर वाकले आणि मला एक मासा धड दिसेना. सोनूबाय माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली की रडू नका वैनी, जनावर सुखात असेल. तिला वाटलं मी मच्छिंद्रासाठी रडतेय. अर्धं तिचं बरोबर होतं.